भोर ते भोर, मार्गे सह्याद्री

भोरहून निघून भोरलाच परत येणारं वर्तुळ काढायला कंपास लागत नाही. मोबाइल, रात्रीचे साडेअकरा आणि घरातली बाकीची मंडळी झोपलेली असणं, एवढं पुरतं. मग बोट निघतं. नीरा-देवघर धरणाच्या काठाकाठानं वरंधा घाट, घाट उतरून महाड, महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पुढं पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई आणि वाईहून मांढरदेवचा डोंगर ओलांडून पुन्हा भोर. साधारण दोनशे किलोमीटर. बोट हे अंतर दहा सेकंदांत तोडतं. त्याला धाप लागत नाही, त्याचा गुडघा वाजत नाही, आणि मालक बावन्न वर्षांचा असला तरी नकाशावरचं बोट कायम पंचविशीतलं असतं.

ही फेरी चार खोऱ्यांतून जाते: नीरा, सावित्री, कोयना आणि कृष्णा. पैकी सावित्री एकटी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, बाकीच्या तिघी पूर्वेला बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतात. सावित्री, कोयना आणि कृष्णा या तर क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात एकत्र उगम पावतात, अशी श्रद्धा आहे. तिघींचे स्वभाव वेगळे, दिशा वेगळ्या, पण एक शहाणपण तिघींना माहेरूनच मिळालेलं आहे: एकदा खाली गेलं की परत वर यायचं नाही. सायकलवाल्याला नेमकं हेच कुणी शिकवलेलं नसतं.

जाऊन-येऊन मार्गाची एक सोय असते. सिंहगडाच्या पायथ्याशी जावं, वर बघावं, ‘आज ऊन फार आहे’ म्हणावं आणि मागं फिरावं. कुणाला काही कळत नाही. फेरीत ही सोय नाही. फेरीत एक जागा अशी येते की तिथून मागं फिरलं काय आणि पुढं गेलं काय, घर सारखंच लांब. भोर ते भोर या फेरीत ही जागा पोलादपूरच्या आसपास येते. म्हणजे निम्मं अंतर संपतं तेव्हा तुम्ही कोकणात, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर, दुपारच्या उन्हात उभे असता. मागं वरंधा, पुढं आंबेनळी आणि दोन्हींच्या पलीकडं घर. सह्याद्रीनं मोगलांना दमवलं ते याच पद्धतीनं. फरक इतकाच की मोगलांनी हा मार्ग रात्री साडेअकराला स्वतःहून आखला नव्हता.

आता या आखणीतला मूळ कायदा सांगायला हवा, कारण पुढचे सगळे वाद तो न पाळण्यासाठीच होतात. तुम्ही निघताना भोर जेवढ्या उंचीवर असतं, तेवढ्याच उंचीवर ते तुम्ही परत येतानाही असतं. म्हणून फेरीत जितकं उतरायचं तितकंच चढायचं. डावीकडून जा, उजवीकडून जा, पहाटे निघा, उपास धरून निघा. बेरीज बदलत नाही. चढ कमी करता येत नाही, त्याची फक्त जागा बदलता येते. हे एका वाक्यात संपणारं काम आहे. आमच्या सायकलवाल्यांच्या गटात ते दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरतं.

पहिला प्रश्न दिशेचा. बँकेतून निवृत्त झालेले काका प्रदक्षिणावादी आहेत. त्यांचं म्हणणं, देव असो की डोंगर, फेरी घड्याळाच्या काट्याप्रमाणेच घालावी. म्हणजे भोरहून आधी मांढरदेव, मग वाई, मग ताज्या पायांनी पसरणी चढून दुपारच्या आत महाबळेश्वर. तिथून चाळीसेक किलोमीटर आंबेनळीचा उतार. “अरे, उतारावर जेवण पचतं,” असंही ते वर सांगतात. त्यांच्या विरोधात सॉफ्टवेअरवाला उभा आहे. तो म्हणतो, “काका, पण महाडला पोचल्यावर काय? वरंधा कोकणातून चढायचाय, संध्याकाळी, दीडशे किलोमीटर झाल्यावर.” त्याला उलटी फेरी हवी. भोरकडून वरंध्याचा माथा तसा सोपा, कारण देशावरून निघालं की घाटमाथ्याला निम्मं चढलेलंच असतं. मग एक लांब उतार, मग आंबेनळी, आणि घरी येताना फक्त मांढरदेव.

“फक्त मांढरदेव” हे दोन शब्द तो ज्या सहजतेनं म्हणतो, त्यावरून तो चढ त्यानं मोटारीतून पाहिला असावा, असं काकांना वाटतं.

तसं पाहिलं तर दोघंही तीच चढाई एकमेकांच्या दिवसात ढकलत असतात. काकांचा उत्साह पहाटेचा असतो आणि चारनंतर त्यांना चहाशिवाय काही सुचत नाही, म्हणून त्यांना सगळे डोंगर सकाळी हवेत. सॉफ्टवेअरवाल्याला दहाच्या आत जाग येत नाही, तो सायकलवर असला तरी. म्हणून त्याला डोंगर दुपारनंतर हवेत. चर्चा मात्र वाऱ्याची दिशा, घाटातला सावलीचा कोन आणि भूगोल या विषयांवर होते.

दुसरा प्रश्न एकूण चढाई किती, हा. त्यासाठी मोबाइलमध्ये ॲप असतात. एकाच मार्गाला दोन ॲप लावले तर दोन आकडे येतात आणि त्यांत पाच-सातशे मीटरचा सहज फरक पडतो. कारण ऐकण्यासारखं आहे. अशा अनेक नकाशांच्या मुळाशी फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानानं रडारनं केलेली मोजणी आहे. त्या यानानं सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त उंचीवरून अकरा दिवसांत पृथ्वीवरची बहुतेक जमीन मोजली आणि तिचे चौकोन पाडले. एक चौकोन तीस मीटरचा, तर जाडसर मोजणीत नव्वद मीटरचा. घाटाचा रस्ता मात्र सात-आठ मीटर रुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मग चौकोनाची उंची ठरवताना थोडा कडा येतो, थोडी दरी येते आणि पडद्यावर तो रस्ता दर पन्नास पावलांवर वरखाली उड्या मारतो. बोगद्याची तर गंमतच. पुण्याहून निघालं की नव्या कात्रज बोगद्यातून आपण गाडीच्या धुरातून सरळ पलीकडं जातो, पण ॲपला वाटतं आपण डोंगराच्या डोक्यावरून गेलो. काही ॲप ही चूक दुरुस्त करतात. आमच्या गटात दुरुस्त न करणारं ॲप वापरतात, कारण राइड झाल्यावर तेच दाखवायला बरं पडतं. आखताना कमी आकडा सांगणारं ॲप आणि आल्यावर जास्त आकडा सांगणारं ॲप, अशी दोन्ही ज्याच्या मोबाइलमध्ये असतात तो खरा अनुभवी.

त्याहून फसवी असते सरासरी. पोलादपूर जवळपास समुद्राच्या पातळीवर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, मध्ये रस्ता चाळीसेक किलोमीटर. भागाकार केला की चढ सव्वातीन टक्के. “सव्वातीन? अरे, हे तर कर्वे रोडवरसुद्धा असेल,” असं कुणीतरी म्हणतंच. आकडा खरा आहे, पण रस्त्याला तो कुणी कळवलेला नसतो. पोलादपूर सोडल्यावर रस्ता आधी नदीच्या बाजूनं सभ्यपणे जातो, मग घाट चढून प्रतापगडाच्या परिसरात कोयनेच्या खोऱ्यात शिरतो, तिथं जरा उसंत देतो आणि मग महाबळेश्वरचा कडा अंगावर घेतो. सपाटीवर वाचवलेले टक्के तो व्याजासकट वळणांवर वसूल करतो. काकांना हे चटकन पटतं. त्यांची नोकरीच त्यात गेली.

जुन्या घाटांचं एक बरं आहे. इंग्रजांच्या काळात आखलेले रस्ते बैलगाडीला झेपतील अशा बेतानं काढलेले असत, त्यामुळे पसरणीसारखा घाट बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे-सहाशे मीटर चढतो आणि तरी फार कुठं अंगावर येत नाही. म्हणजे आज कार्बनच्या सायकलवर बसून माणूस ज्या घाटात ‘मस्त र्‍हिदम लागला’ म्हणतो, तो र्‍हिदम दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बैलाचा असतो. मांढरदेवचा चढ या बाबतीत सायकलवाल्यांत तिखट म्हणून प्रसिद्ध आहे. तिथं बैलाचं मत विचारलेलं दिसत नाही.

तिसरा प्रश्न गिअरचा, आणि तो एका माणसाच्या ताब्यात आहे. हा माणूस तुमच्या तब्येतीची चौकशी ‘मागं किती दातांचं आहे?’ अशी करतो. पुढचं लहान चक्र 34 दातांचं आणि मागचं मोठं 32 दातांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास सरकते. मिनिटाला 60 फेरे मारले तर ताशी आठ किलोमीटर. हा हिशेब तो अभिमानानं मांडतो. मग कुणीतरी आठनं चाळीसला भागतं आणि गटावर शांतता पसरते. पाच तास. सगळा रस्ता काही त्या गिअरमध्ये जायचा नसतो, हे त्याचं स्पष्टीकरण येईपर्यंत दोघांच्या घरी लग्नकार्य निघालेलं असतं.

हाच माणूस वजनाच्या मागे असतो. एक किलो वजन कमी केलं तर आंबेनळीत किती वेळ वाचेल? माणूस आणि सायकल मिळून 90 किलो धरले आणि चढायला साडेतीन तास लागणार असतील, तर दोन-सव्वादोन मिनिटं. एवढ्यासाठी त्यानं सीट बदललं, बाटलीचा स्टँड बदलला, बोल्टसुद्धा बदलले. आणि वरंध्यात वाघजाई मंदिरापाशी भजीच्या टपऱ्या आहेत, तिथं कांदाभजी की बटाटाभजी यावर तो वीस मिनिटं घालवतो. शेवटी दोन्ही घेतो. वजनाचा प्रश्न पुन्हा मूळ पदावर.

खाण्याचा हिशेबही कुणीतरी मांडलाच. 90 किलोचं ओझं तेराशे मीटर वर न्यायचं तर निव्वळ काम होतं साधारण पावणेतीनशे किलोकॅलरीचं. पण माणसाचं शरीर खाल्लेल्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतं, बाकीचं उष्णतेत जातं. म्हणजे एकटी आंबेनळी अकराशे किलोकॅलरी मागते: अंदाजे चार वडापाव. हा शोध लागल्यावर आखणीचा नूरच पालटला. तोवर नकाशावर चढ आणि उतार होते, आता भोरला मिसळ, वाघजाईला भजी, महाडला मासळीची थाळी, महाबळेश्वरला मक्याचं कणीस आणि पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम असे मुक्काम दिसू लागले. गटात वेळेचे तक्ते करणारा एक एक्सेलवाला आहे, त्यानं प्रत्येक मुक्कामाला पंधरा मिनिटं दिली. महाडच्या थाळीला पंधरा मिनिटं! सुरमई तळून येईपर्यंतच वीस जातात. त्यानंतर सोलकढी, त्यानंतर ‘भात थोडा घ्या की’ आणि त्यानंतर डोळे. या फेरीतला सर्वांत अवघड चढ कुठला, असं विचाराल तर महाडच्या खुर्चीवरून उठून सायकलच्या सीटवर बसण्याचा. ॲपमध्ये तो दिसत नाही.

तेवढ्यात ‘जाता जाता’ हा शब्द गटात शिरतो. मराठी माणसाच्या प्रवासाचा घात घाटात होत नाही, ‘जाता जाता’त होतो. “वरंध्यातून उतरतोयच, तर जाता जाता शिवथरघळ करू.” समर्थांनी जिथं दासबोध सांगितला असं मानतात, तिथपर्यंत येऊन दर्शन न घेणं बरं दिसत नाही. “महाडला आलोच आहोत तर चवदार तळं बघायलाच हवं.” 1927 मध्ये बाबासाहेबांनी जिथं सत्याग्रह केला ते तळं गावातच आहे, त्याला कुणाची हरकत नाही. मग हळूच, “तिथून रायगड काय, पंचवीस किलोमीटर.” पंचवीस जायचे, पंचवीस यायचे, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं. आणि आंबेनळीत प्रतापगडाचा फाटा आला की कुणाच्या तरी आतून 1659 साल जागं होतं. असे सगळे जाता जाता मिळवले तर दोनशेचे तीनशे होतात आणि फेरीचं रूप वर्तुळाचं न राहता फणसाचं होतं, चहूबाजूंनी काटे आलेलं.

तीनशेचा आकडा दिसताच ब्रेव्हेवाला जागा होतो. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड करणाऱ्यांची जात निराळी. ते ‘किती तासांत’ एवढंच विचारतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40, ही वेळापत्रकं त्यांना पाढ्यांसारखी पाठ. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1891 पासूनच्या राइडमध्ये लोक 1200 किलोमीटर 90 तासांत करतात आणि रस्त्याकडेच्या गवतात झोपतात, हे तो सांगतो. सांगताना त्याच्या डोळ्यांत असा भाव असतो की आपण घरी गादीवर झोपतो याची आपल्याला लाज वाटावी. “त्या मानानं आपलं काय, एका दिवसाचं काम.” यावर काकांनी फक्त एवढंच विचारलं, “तिथं वाटेत भजी मिळतात का रे?”

मग तारीख. पावसाळा बाद. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे वाहतुकीला बंद होतो, आणि महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्यात सायकल नव्हे, होडी लागते. एप्रिल-मे बाद, कारण महाडचं ऊन. ऑक्टोबर बाद, कारण तेही ऊन आहे, फक्त नाव वेगळं. दिवाळीत घरचे सोडत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं सुरू होतात. नाताळात महाबळेश्वर-पाचगणीचा रस्ता मुंबईच्या गाड्यांनी भरतो आणि पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते. या सगळ्यातून उरतात जानेवारी-फेब्रुवारीतले दोन-तीन रविवार. त्यातल्या एका रविवारी सॉफ्टवेअरवाल्याच्या मुलाची स्पर्धा परीक्षा असते. मुलगा सहावीत आहे, पण परीक्षा बापाचीच असते.

रस्ता कसा आहे, हे ॲप सांगत नाही, म्हणून स्थानिक माणसाला फोन लावला जातो. स्थानिक माणसाचं उत्तर कुठल्याही घाटाला एकच असतं. “रस्ता एक नंबर झालाय.” चढ किती? “चढ कुठला, हलकासा हाय.” पण तो मोटारसायकलवर असतो, आणि मोटारसायकलला चढ कळतो तो फक्त पेट्रोलच्या दिवशी. महाड-पोलादपूर टप्पा मुंबई-गोवा महामार्गाचा. त्या महामार्गाबद्दल मात्र कुणालाच फोन करावा लागत नाही, त्याच्याविषयी प्रत्येक मराठी माणसाचं मत आधीच तयार असतं.

इतकं सगळं होऊनही दिशा ठरत नव्हती. ती ठरवली छोटा हत्तीवाल्यानं. आखणीत सामान, पंप, जादा ट्यूब आणि ऐनवेळी एखादा माणूस घ्यायला मागं एक टेम्पो असावा, यावर मात्र पहिल्या दिवसापासून एकमत होतं. त्याला फोन करून काकांनी दोन्ही दिशा समजावल्या, सॉफ्टवेअरवाल्यानं चढाईचा आलेख पाठवला, ब्रेव्हेवाल्यानं तास सांगितले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही कुठूनबी फिरा. वाईला माझा मेव्हणा असतो, तिथं रात्री सगळ्यांचं जेवण सांगून ठेवतो. साताठला वाईत या म्हंजे झालं.”

रात्री आठला वाई म्हणजे उलटी फेरी. पाच मिनिटांत मतदान संपलं. काकांनी प्रदक्षिणा मागे घेतली. एक्सेलवाल्यानं संध्याकाळपर्यंत वाऱ्याची दिशा, सावली आणि सूर्यास्त यांच्या आधारे हीच दिशा शास्त्रीयदृष्ट्या कशी योग्य, हे दाखवणारा नवा तक्ता टाकला. वाईत जेवल्यानंतर अंधारात मांढरदेव चढायचा राहतो, ही गोष्ट त्यात सगळ्यात खालच्या ओळीत, बारीक अक्षरात होती.

ती फक्त गिअरवाल्यानं वाचली. त्यानं गटावर विचारलं, “जेवून मांढरदेव? आणि टेम्पो तर वाईतच उभा असणार.” बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग काकांनी लिहिलं, “कायदा काय म्हणतो? फेरीत जितकं उतरायचं तितकंच चढायचं. सायकल तितकीच वर जाणार. ती चाकांवर जाते की टेम्पोत, हे कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही.” या मेसेजला गटातल्या प्रत्येकानं अंगठा दिला. ब्रेव्हेवाल्यानंही.